घाटावरचे पाणी, घाटाखालची वीज आणि उल्हास खोऱ्यातील शेती

(ठाणे जिल्ह्यातील भात व भाजीपाला उत्पादक शेतकऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कल्याण, अंबरनाथ, भिवंडी, मुरबाड आणि शहापूर या तालुक्यांतील आपण सर्व मंडळी पाणी आणि वीज या दोन गोष्टींवर शेती करता. दोन्हींची टंचाई आपल्याला चांगली माहीत आहे. परंतु या दोन गोष्टींचे एकमेकींशी नाते काय, याचा विचार आपण सहसा करीत नाही. उल्हास नदीला मे महिन्यातसुद्धा पाणी असते. काळू आणि भातसा याच परिसरातील नद्या, पण धरणातून पाणी सुटले नाही तर उन्हाळ्यात त्यांचे पात्र उघडे पडते. मग उल्हासला पाणी कोठून येते? त्याचे उत्तर घाटावरच्या एका धरणात आणि घाटाखालच्या एका वीजघरात आहे. आज आपण धरणातून वीज कशी तयार होते, वीज तयार झाल्यावर पाण्याचे काय होते आणि त्यावर आपला कोणता हक्क व कोणती जबाबदारी आहे, या तीन गोष्टी पाहू.

सह्याद्रीची देणगी

सह्याद्रीच्या माथ्यावर पावसाळ्याच्या चार महिन्यांत चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. या माथ्याच्या पूर्वेस पडलेले पाणी इंद्रायणी, मुळा, भीमा अशा नद्यांतून कृष्णेला मिळते व पुढे बंगालच्या उपसागरात जाते. पश्चिमेस पडलेले पाणी उल्हास, पाताळगंगा, कुंडलिका या नद्यांतून काही तासांत अरबी समुद्र गाठते. घाटमाथा आणि कोकण यांच्या उंचीत सुमारे ५०० मीटरचा फरक आहे आणि तोही अगदी थोड्या अंतरात. पूर्वेकडे वाहणारे पाणी माथ्याजवळ अडवून पश्चिमेच्या कड्यावरून खाली सोडले तर त्यातून मोठी शक्ती मिळेल, ही कल्पना जमशेटजी टाटा यांनी उचलून धरली. १९०४ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे १९१० मध्ये टाटा जलविद्युत कंपनी स्थापन झाली आणि १९१५ मध्ये खोपोलीचे वीजघर सुरू झाले. त्यासाठी लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथे पाणी साठविण्यात आले.

दुसरे वीजघर कर्जत तालुक्यातील भिवपुरी येथे १९२२ मध्ये सुरू झाले. त्यासाठी मावळात आंद्रा नदीवर ठोकरवाडी येथे धरण बांधले गेले. तिसरे भिरा येथील. ते १९२७ मध्ये सुरू झाले आणि त्याचे पाणी मुळशी धरणातून येते. आज खोपोलीची क्षमता ७२ मेगावॅट, भिवपुरीची ७५ मेगावॅट आणि भिऱ्याची उदंचन संच धरून ३०० मेगावॅट आहे. आपल्या दृष्टीने यांतील भिवपुरीचे केंद्र सर्वांत महत्त्वाचे, कारण त्याचे पाणी उल्हास नदीत उतरते.

आपल्या जिल्ह्यातही वीजघरे आहेत. शहापूर तालुक्यातील भातसा धरणाच्या पायथ्याशी १५ मेगावॅटचे वीजघर आहे. याच तालुक्यात चोंढे येथे घाटघर प्रकल्पाचा खालचा जलाशय आहे. हा २५० मेगावॅटचा प्रकल्प २००८ मध्ये सुरू झाला.

वीज कशी तयार होते?

आपण विहिरीवर पंप बसवितो तेव्हा मोटारीला वीज देतो, मोटार पंपाचा पंखा फिरविते आणि पाणी वर चढते. जलविद्युत केंद्रात हीच क्रिया उलट दिशेने होते. पाणी वरून खाली येते, ते पंखा फिरविते, पंख्याला जोडलेले यंत्र फिरते आणि त्यातून वीज बाहेर पडते. पंपाचा पंखा म्हणजे येथे टर्बाइन आणि मोटार म्हणजे येथे जनित्र. एवढे लक्षात ठेवले की पुढचा सर्व भाग सोपा आहे.

भिवपुरीचे उदाहरण घेऊ. ठोकरवाडीच्या जलाशयातील पाणी डोंगर पोखरून काढलेल्या बोगद्यातून घाटाच्या कडेपर्यंत येते. तेथून ते पोलादी नळांतून थेट खाली उतरते. या नळांना पेनस्टॉक किंवा दाबनळ म्हणतात. पाणी नळातून बंदिस्त येत असल्यामुळे त्याचा दाब वाया जात नाही. दर १० मीटर उंचीला पाण्याचा दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १ किलोने वाढतो. म्हणजे ५०० मीटर खाली आल्यावर अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर सुमारे ५० किलोचा भार असतो. हे पाणी तळाशी एका अरुंद तोटीतून बाहेर पडते, तेव्हा त्याचा झोत सेकंदाला सुमारे १०० मीटर वेगाने धावतो.

या झोतापुढे एक मोठे चाक असते. त्याच्या कडेला वाट्या बसविलेल्या असतात. झोत वाटीवर आदळला की चाक फिरते. या प्रकारच्या टर्बाइनला पेल्टन चाक म्हणतात. जेथे उंची खूप आणि पाणी बेताचे, तेथे ते वापरतात. भातशासारख्या ठिकाणी उंची कमी व पाणी अधिक असते, तेथे पाण्यात पूर्ण बुडालेले टर्बाइन उपयोगी पडते.

टर्बाइनच्या दांड्यावर जनित्र असते. त्यात फिरणाऱ्या भागावर विद्युतचुंबक आणि भोवतालच्या स्थिर भागात तांब्याच्या तारांची वेटोळी असतात. तारेजवळून चुंबक फिरला की तारेत वीजप्रवाह सुरू होतो. सायकलच्या चाकाला लावायच्या डायनामोचे तत्त्व हेच होते. आपल्या देशात विजेचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा आवर्तन करतो. बारा ध्रुवांचे जनित्र असेल तर त्यासाठी ते मिनिटाला बरोबर ५०० फेरे फिरले पाहिजे. मागणी वाढली की फिरणे जड होते आणि वेग उतरू लागतो. अशा वेळी गव्हर्नर नावाचे यंत्र तोटी अधिक उघडून जादा पाणी सोडते. मागणी घटली की तोटी आवळली जाते.

तयार झालेली वीज रोहित्रातून उच्च दाबावर नेली जाते. दाब दसपट केला तर तेवढीच शक्ती वाहून नेण्यास प्रवाह दहावा हिस्सा लागतो आणि तारेत उष्णतेच्या रूपाने होणारी तूट शंभराव्या हिश्श्यावर येते. म्हणूनच घाटापासून मुंबईपर्यंत मनोरे उभारून उच्च दाबाच्या वाहिन्या टाकल्या गेल्या. कल्याण-शीळ रस्त्याने जाताना ‘टाटा पॉवर’ नावाचा थांबा लागतो, त्या नावामागे हाच इतिहास आहे.

पाण्याचा आणि युनिटचा हिशेब

पाण्यापासून किती वीज मिळेल हे दोन गोष्टींवर ठरते: पाणी किती आणि ते किती उंचीवरून येते. एक घनमीटर म्हणजे एक हजार लिटर पाणी ५०० मीटर खाली आले आणि यंत्रांची कार्यक्षमता ८५ टक्के धरली, तर सुमारे १.१६ युनिट वीज मिळते. तेच पाणी ५० मीटरच्या धरणावरून आले तर जेमतेम ०.१२ युनिट मिळते. म्हणजे तितकीच वीज काढण्यास दहापट पाणी लागते. सह्याद्रीच्या कड्याचे मोल यावरून ध्यानात येईल.

आता आपल्या ५ अश्वशक्तीच्या पंपाकडे वळू. मोटारीतील तूट धरून तो तासाला साधारण ४.५ युनिट वीज घेतो. वाहिन्यांतील तूट सुमारे पाचवा हिस्सा धरली तर वीजघरात ५.६ युनिट तयार करावे लागतात. त्यासाठी घाटावरून सुमारे ५ घनमीटर पाणी खाली यावे लागते. या विजेवर आपला पंप, एकूण उंची १५ मीटर आणि पंपसंचाची कार्यक्षमता ४५ टक्के असेल तर, तासाला सुमारे ५० घनमीटर पाणी उचलतो. थोडक्यात, कड्यावरून उतरलेले एक घनमीटर पाणी आपल्या मळ्यात दहा घनमीटर पाणी चढवून देते. शिवाय ते उतरलेले पाणी कोठेही नाहीसे झालेले नसते. ते नदीत असतेच.

वीज काढलेल्या पाण्यात कस राहतो का?

हा प्रश्न खेड्यापाड्यांत आजही विचारला जातो. “वीज काढून घेतली, आता त्या पाण्यात काय राहिले?” असे म्हणणारी वडीलधारी माणसे आहेत. याचे उत्तर स्पष्ट आहे. वीज पाण्यातून काढली जात नाही. ती पाण्याच्या पडण्यातून मिळते. पाणवठ्यावरून घागर भरून आणणारी बाई दमते, पण त्यामुळे घागरीतील पाणी बदलत नाही. तसेच हे आहे. पाण्यातील क्षार, विरघळलेली अन्नद्रव्ये, सामू यांत टर्बाइनमुळे फरक पडत नाही. पिकाला ते पाणी पूर्वीइतकेच मानवते.

एक गोष्ट मात्र खरी आहे. जलाशयात पाणी संथ राहते तेव्हा त्यातील गाळ तळाशी बसतो. त्यामुळे वीजघरातून येणारे पाणी स्वच्छ असले तरी पुराबरोबर येणारा सुपीक गाळ त्यात नसतो. जमिनीचा कस राखण्यासाठी शेणखत, गिरिपुष्पाचा पाला आणि हिरवळीची खते यांची जोड आपल्यालाच द्यावी लागते.

वीजघरातून बाहेर पडलेले पाणी कोठे जाते?

टर्बाइन फिरवून बाहेर पडणाऱ्या पाण्याला अवजल म्हणतात. खोपोलीचे अवजल पाताळगंगेला, भिऱ्याचे कुंडलिकेला आणि भिवपुरीचे उल्हास नदीला मिळते. भिऱ्याच्या अवजलावर डोलवहाल येथील बंधारा व काळ प्रकल्पाचे कालवे चालतात. भिवपुरीच्या अवजलावर कर्जत तालुक्यातील राजनाला कालवा चालतो आणि त्यावर तेथील शेतकरी उन्हाळी भात घेतात. याच कर्जतला डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र आहे. कर्जत हे नाव लावलेल्या भाताच्या अनेक जाती येथूनच निघाल्या.

कर्जत, नेरळ, बदलापूर, कल्याण असा उल्हासचा प्रवास आहे. वाटेत बारवी नदी तिला मिळते. त्या नदीवर औद्योगिक विकास महामंडळाचे बारवी धरण आहे. जांभूळ, मोहिली, शहाड अशा ठिकाणी नदीतून पाणी उचलून ते बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर, कल्याण, डोंबिवली, ठाणे, मिरा-भाईंदर या शहरांना आणि कारखान्यांना दिले जाते. डोंबिवलीच्या इमारतीत नळ सोडणाऱ्या माणसाला ठाऊक नसते, पण त्याच्या बादलीतील काही पाणी मावळातील आंद्रा नदीचे असते.

अवजलाचे प्रमाण किती? भिवपुरीचे ७५ मेगावॅट पूर्ण क्षमतेने चालले तर वरील हिशेबाने सेकंदाला सुमारे १८ घनमीटर पाणी बाहेर पडते. ते आठ तास चालले तर पाच लाख घनमीटरांहून अधिक, म्हणजे ५० कोटी लिटर होते. माणशी १३५ लिटर धरले तर हे पाणी ३७ ते ३८ लाख लोकांना एका दिवसास पुरेल. उन्हाळी भाताला हेक्टरी १५ हजार घनमीटर पाणी धरले तर असे १२० दिवसांचे पाणी ४ हजार हेक्टरांना पुरेल. केंद्र रोज एवढे चालतेच असे नाही. परंतु शहर आणि शेत यांची तहान एकाच नळावर आहे, हे यावरून कळावे.

पाणी मागणीप्रमाणे येते, सूर्याप्रमाणे नाही

जलविद्युत केंद्राचा मोठा गुण म्हणजे ते काही मिनिटांत सुरू करता येते. कोळशावरील केंद्र थंड पडले तर ते पुन्हा सुरू करण्यास कित्येक तास लागतात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई परिसराची वीज एकाएकी गेली, लोकलगाड्या थांबल्या. त्या दिवशी पुरवठा पूर्ववत करताना घाटाखालच्या जलविद्युत संचांची मदत घेण्यात आली.

या गुणामुळे ही केंद्रे दिवसभर एकसारखी चालवीत नाहीत. मागणी वाढते त्या वेळी ती अधिक चालतात. साहजिकच नदीतील पाण्याची पातळी काही तासांत वर-खाली होते. कोलाडला कुंडलिका नदीत रबरी होड्यांचा खेळ चालतो, त्याची वेळसुद्धा वीजघरातून पाणी सुटण्यावर ठरते. उल्हासकाठच्या शेतकऱ्यांनी यावरून पुढील बोध घ्यावा.

१) कर्जत-नेरळ भागात नदीचे पात्र कोरडे दिसले म्हणून त्यात गुरे, मुले किंवा पंप सोडून जाऊ नये. पाणी पावसाविनाही वाढते.

२) पंपाचा फूटव्हॉल्व्ह नदीच्या सर्वांत कमी पातळीच्याही खाली राहील असा बसवावा. पातळी उतरून पंपात हवा शिरली तर पंप कोरडा फिरतो व गाळा जळतो.

३) आपल्या ठिकाणी पाणी कोणत्या वेळी चढते याची पंधरा दिवस नोंद ठेवावी आणि भिजवणीची वेळ त्याप्रमाणे धरावी.

येथे पुराबद्दलही बोलले पाहिजे. २६ जुलै २००५ च्या महापुरात, तसेच २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली तेव्हा, धरणाचे पाणी सोडले म्हणून पूर आला अशी चर्चा गावोगाव झाली. ठोकरवाडी धरणाच्या सांडव्यावरून जाणारे पाणी आंद्रा नदीतून इंद्रायणीला, म्हणजे पूर्वेकडे जाते. उल्हासमध्ये केवळ वीजघराचे अवजल येते आणि ते पुराच्या मानाने फारच थोडे असते. उल्हासचा पूर हा कर्जतच्या डोंगरांवरील व खालच्या खोऱ्यातील पावसाचा असतो. पावसाचे पाणी पसरायला जी खाजणे, पाणथळ जागा आणि नाले होते, ते बुजले की पातळी अधिक चढते. बारवी व भातसा या धरणांच्या विसर्गाचा प्रश्न वेगळा. त्यांच्या खालच्या गावांनी विसर्गाच्या सूचनेकडे अवश्य लक्ष द्यावे.

उदंचन म्हणजे काय?

विजेची साठवण करणे कठीण आहे. पाण्याची साठवण मात्र करता येते. घाटघर प्रकल्पात वर एक आणि खाली चोंढ्याला एक असे दोन जलाशय आहेत. मागणी कमी असते तेव्हा शिल्लक विजेवर खालचे पाणी वर चढवितात आणि मागणीच्या वेळी तेच पाणी खाली सोडून वीज घेतात. साधारण चार युनिट खर्चून तीन युनिट परत मिळतात. वरवर हा तोट्याचा व्यवहार वाटेल. पण सुगीत स्वस्त असलेले धान्य कणगीत ठेवून आषाढात वापरण्यासारखे हे आहे. थोडी घट सोसावी लागते, पण गरजेला माल हाताशी राहतो. सौर वीज दुपारी मुबलक आणि संध्याकाळी शून्य असल्यामुळे अशा प्रकल्पांचे महत्त्व आता वाढले आहे. भिवपुरी येथे १००० मेगावॅट आणि शिरवटा येथे १८०० मेगावॅटचे उदंचन प्रकल्प उभारण्यासाठी २०२३ मध्ये राज्य शासन व टाटा पॉवर यांच्यात करार झाला. उदंचनात तेच पाणी पुन्हा पुन्हा वर जाते. म्हणून नदीत अवजल किती आणि केव्हा उतरेल, हे खालच्या शेतकऱ्यांनी व पाणीवापर संस्थांनी वेळीच विचारून घेतले पाहिजे.

ज्यांच्या जमिनी गेल्या

विजेचा हिशेब मांडताना एक रकाना रिकामा ठेवून चालणार नाही. मुळशी धरणाखाली मावळच्या शेतकऱ्यांची भातखाचरे आणि गावे जाणार होती. त्याविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांनी त्याचे नेतृत्व केले, तुरुंगवास सोसला आणि तेथूनच लोक त्यांना सेनापती म्हणू लागले. धरण अखेर झाले. धरणग्रस्तांच्या लढ्याचे आपल्याकडील ते आद्य उदाहरण होय. भातसा धरणासाठी शहापूरच्या आणि बारवीसाठी मुरबाडच्या शेतकरी व आदिवासी कुटुंबांना जागा सोडावी लागली. शहापूर तालुका मुंबईला पाणी देतो, पण त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. आपण पंपाची कळ दाबतो तेव्हा यांचेही देणे त्यात आहे, ही जाणीव असावी.

पाणी पूर्वेचे की पश्चिमेचे?

आता सर्वांत नाजूक प्रश्न. घाटाखाली वीज देणारे हे पाणी मुळात कृष्णा-भीमा खोऱ्याचे आहे. बच्छावत लवादाने टाटांच्या जलविद्युत केंद्रांसाठी पश्चिमेकडे वळवावयाच्या पाण्यावर मर्यादा घातली. कोणत्याही एका वर्षात ५४.५ अब्ज घनफूट आणि लागोपाठच्या पाच वर्षांत मिळून २१२ अब्ज घनफूट. सरासरी वर्षाला सुमारे ४२ अब्ज घनफूट होतात. पुणे, सोलापूर, नगर या भागांतील दुष्काळी शेतकरी म्हणतात, “आमच्या खोऱ्यातील पाणी वीज करून समुद्राला जाते आणि आमच्या मोसंबी-डाळिंबाच्या बागा वाळतात. वीज इतर मार्गांनी करता येईल, पाणी कोठून आणायचे?” २०१५-१६ च्या दुष्काळात ही मागणी पुन्हा जोराने पुढे आली आणि शासनाने त्याच्या अभ्यासासाठी समितीही नेमली.

त्यांचे म्हणणे खोटे नाही. पण अवजल समुद्राला जाते हे अर्धे सत्य आहे. शंभर वर्षांत या पाण्याभोवती कर्जतची उन्हाळी भातशेती, रोह्या-माणगावचे कालवे आणि बदलापूरपासून ठाण्यापर्यंतची शहरे उभी राहिली. उद्या हे पाणी पूर्वेला वळविले तर उन्हाळ्यात उल्हासच्या पाण्यात मोठी घट येईल. अशा वेळी पिण्याच्या पाण्याला अग्रक्रम मिळणार हे उघड आहे आणि पहिली कात्री शेतीच्या पाण्याला लागेल. एकीकडे सोलापूरचा शेतकरी, दुसरीकडे कर्जत-कल्याणचा शेतकरी, आणि दोघेही आपलेच. निर्णय शासन व लवाद घेतील. परंतु जो पाण्याचा चोख हिशेब देईल आणि थेंब वाया घालविणार नाही, त्याच्या मागणीला वजन राहील. म्हणून आपल्या हातात काय आहे ते पाहू.

आपण काय करावे?

१) कालव्याच्या लाभक्षेत्रात असाल तर नमुना क्रमांक ७ वर पाण्याची मागणी वेळेत नोंदवा. पाणी घेता, पण कागदावर मागणी नाही, अशी स्थिती असेल तर वाटपाच्या वेळी आपला हिस्सा दिसतच नाही. पाणीवापर संस्था स्थापन करा, आधीची असेल तर तिचे दप्तर चालू ठेवा.

२) उन्हाळी भातासाठी रत्ना, कर्जत-३, कर्जत-१८४ अशा हळव्या जातींचा विचार करा. गरव्या जातीला जितके दिवस अधिक, तितक्या पाणीपाळ्या अधिक. सर्व शेजाऱ्यांनी एकाच सुमारास आवण लावले तर आवर्तन लवकर आटोपते.

३) भाताच्या खाचरात सतत गुडघाभर पाणी नको. लावणीनंतर रोपे जीव धरीपर्यंत थोडे पाणी आणि पुढे ५ सेंटिमीटरपर्यंत पातळी पुरते. कापणीपूर्वी आठ-दहा दिवस पाणी काढून टाकावे. बांध लिंपून घेतल्यास झिरपा बराच कमी होतो.

४) भेंडी, काकडी, कलिंगड, मिरची या पिकांना ठिबक सिंचन करा. मोकाट पाण्याच्या तुलनेत ४० टक्क्यांच्या आसपास बचत होते आणि तणही कमी राहते. पाण्याची हमी नाही तेथे खरीप भातानंतर अंगच्या ओलीवर वाल किंवा हरभरा घ्यावा.

५) पंप निवडताना दुकानदार देईल तो न घेता एकूण उंची, पाण्याची गरज आणि नळाचा व्यास पाहून घ्या. १५ मीटर उंचीसाठी ३० मीटर उंचीचा पंप बसविला तर वीज जाते आणि पाणीही नीट मिळत नाही. अनावश्यक बाक व अरुंद नळ टाळा. कमी अडथळ्याचा फूटव्हॉल्व्ह आणि पीव्हीसी नळ वापरा.

६) मोटारीला योग्य क्षमतेचा कपॅसिटर लावा. ३ अश्वशक्तीस १ केव्हीएआर आणि ५ अश्वशक्तीस २ केव्हीएआर पुरतो. त्यामुळे वाहिनीवरील प्रवाह कमी होतो, शेवटच्या पंपापर्यंत दाब टिकतो आणि रोहित्र जळण्याचे प्रमाण घटते. रोहित्र जळाले की ऐन भरात पीक वाळते, हे आपण सारे जाणता.

७) नदीत गोठ्याचे, वसाहतीचे अथवा कारखान्याचे दूषित पाणी मिसळत असेल तेथे खालच्या अंगाला पालेभाज्यांसाठी पाणी उचलू नये. वर्षातून एकदा पाण्याचा नमुना तपासून घ्यावा.

मित्रहो, ठोकरवाडीच्या जलाशयातून निघालेले पाणी एकदा वीज देते, दुसऱ्यांदा भात पिकविते आणि तिसऱ्यांदा शहराची तहान भागविते. एकाच पाण्याकडून तीन कामे होतात, ती आधीच्या दोन-तीन पिढ्यांच्या श्रमांमुळे आणि काहींच्या त्यागामुळे. पुढील काळात या पाण्याला मागणी करणारे वाढतच जाणार आहेत. त्या वेळी आपली बाजू मांडण्यासाठी आपल्या पंपाचा, आपल्या पाणीपाळीचा आणि आपल्या उत्पन्नाचा लेखी हिशेब आपल्याजवळ असला पाहिजे. येत्या हंगामापासून प्रत्येकाने एक साधी वही घालावी. पंप किती तास चालला, किती क्षेत्र भिजले आणि किती उत्पन्न आले, एवढ्या तीनच नोंदी रोज किंवा आठवड्याला कराव्यात. दोन वर्षांच्या अशा वह्या गावात दहा जणांकडे असतील, तर पाणीवापर संस्थेच्या बैठकीत आपले म्हणणे कोणालाही सहज डावलता येणार नाही.